मालक गेले, षष्ठी राहिली

मागच्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या मुलीच्या वाढदिवशी आमच्या टेबलावर दोन खोकी होती. एक केकचे, एक पिझ्झाचे. केकच्या खोक्यावर ‘मॉन्जिनीज’ असे नाव होते, पिझ्झाच्या खोक्यावर ‘डॉमिनोज’. पिझ्झा आणायला मी आणि माझे वडील गेलो होतो. वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. अजनीच्या लोको शेडमधून ते निवृत्त झाले, त्यालाही आता पंचवीस वर्षे होऊन गेली. असल्या दुकानात ते प्रथमच येत होते. काउंटरवरच्या मुलाने विचारले, “सर, नाम?” वडिलांनी पहिले नाव सांगितले आणि थांबले. मुलाने ते यंत्रात टाइप केले, पावती दिली आणि म्हणाला, “हो गया अंकल, बैठिए.” वडील बसले, पण त्यांचे लक्ष त्या मुलाकडेच होते.

घरी आल्यावर ते म्हणाले, “आडनाव नाही इचारलं पोट्ट्यानं. मले वाटलं, आता पुढं इचारते.”

हे वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून ठेवले. वडील वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. त्यांच्या लहानपणी गावच्या चहाच्या टपरीत आमच्या लोकांसाठी कान तुटलेली वेगळी कपबशी असे. ती छपराच्या वळचणीला अडकवलेली असे. ती आपण काढायची, चहा वरून ओतून घ्यायचा, आपणच धुऊन परत अडकवायची. नवा पोरगा दिसला की टपरीवाला आधी एकच प्रश्न विचारी, “कोनाचा रे तू?” त्या प्रश्नाच्या उत्तरावर कप ठरत असे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी माझ्या आजोबांबरोबर वडील नागपूरला आले आणि त्या लाखोंच्या गर्दीत बौद्ध झाले. तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. पुढे रेल्वेत लागले आणि नागपूरचेच झाले.

मी काही इतिहासाचा पदवीधर नाही. दिवसा धंतोलीतल्या औषधांच्या दुकानांचे हिशेब लिहितो आणि संध्याकाळी वाचनालयात बसतो. दुकानांच्या पाट्या टिपून ठेवण्याचा नाद मला तीस वर्षांपासून आहे. त्या रात्री टेबलावरच्या दोन्ही नावांकडे पाहताना एक गोष्ट लक्षात आली. दोन्ही नावांच्या शेवटी एकच ‘ज’ आहे. इंग्रजीत नावापुढे स्वल्पविरामासारखे चिन्ह देऊन जो ‘एस’ लावतात, त्याचा हा अवशेष. मराठीत ते काम ‘चा, ची, चे’ करतात. शाळेत आपण त्याला षष्ठी विभक्ती म्हणत होतो. म्हणजे ‘मॉन्जिनीज’ याचा अर्थ ‘मॉन्जिनीचे’. मग हा मॉन्जिनी कोण? आणि तो असा कोणत्या वाटेने धंतोलीपर्यंत आला? या लेखाचे मूळ त्या प्रश्नात आहे.

मेयोचा हलवाई

या गोष्टीची सुरुवात मी मुंबईपासून करीत नाही. नागपूरकर रोज उच्चारतात अशा एका नावापासून करतो. सेंट्रल अव्हेन्यूवरच्या सरकारी दवाखान्याला आपण आजही ‘मेयो’ म्हणतो. पाटीवर इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असे लिहिले आहे, पण रिक्षावाल्याला ‘मेयो’ सांगितल्याशिवाय तो नेत नाही. हे नाव व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याचे. तो १८६९च्या जानेवारीत हिंदुस्थानात आला. १८७० साली तो वऱ्हाडात आला होता आणि खामगावचा कापसाचा रेल्वेफाटा त्याच्या हस्ते सुरू झाला.

मेयोच्या पदरी एक इटालियन हलवाई होता. फेदेरिको पेलिटी हे त्याचे नाव. तुरीनजवळच्या कारिन्यानो या गावी १८४४ साली जन्मलेला हा माणूस मुळात शिल्पकला शिकलेला. उत्तर इटलीतला पिएमाँत हा प्रांत साखरकाम, चॉकलेट आणि व्हरमूथ यांसाठी नावाजलेला. शिल्पकार असलेला हलवाई तिथे दुर्मीळ नसावा, कारण मोठ्या मेजवानीतले मिष्टान्न हे आधी पाहायचे आणि मग खायचे असे. व्हाइसरॉयच्या मुदपाकखान्यासाठी मुख्य हलवाई म्हणून पेलिटीची निवड झाली आणि १८६९ साली तो कलकत्त्याला उतरला.

८ फेब्रुवारी १८७२ रोजी अंदमानात पोर्ट ब्लेअर इथे शेरअली नावाच्या कैद्याने मेयोचा खून केला. व्हाइसरॉय गेला तशी पेलिटीची नोकरीही गेली. परत मायदेशी जाण्याऐवजी त्याने कलकत्त्यात स्वतःचे दुकान काढले आणि पुढे सिमल्यातही व्यवसाय उभा केला. इंग्रज साहेब उन्हाळ्यात सिमल्याला जात, म्हणजे गिऱ्हाईक जाई तिथे पेलिटी जाई. एकाच नावाची, एकाच चवीची दुकाने दोन गावांत, असा हा प्रकार. ‘साखळी’ हा शब्द तेव्हा या अर्थी कोणी वापरीत नव्हते, पण तिच्या पहिल्या दोन कड्या इथे दिसतात. किपलिंगच्या सिमल्याच्या गोष्टींत ‘पेलिटीज’ येते ते ओळख करून न देताच, कारण वाचणाऱ्या साहेबाला ते माहीत होते. पेलिटी हौशी छायाचित्रकारही होता. १९१४ साली तो कारिन्यानोलाच वारला.

धंतोलीत बंगाली कुटुंबे फार जुनी आहेत. आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध बंगाली बाईंना मी पेलिटीविषयी विचारले, तेव्हा त्यांनी त्याच्या जोडीला आणखी एक नाव घेतले, ‘फिर्पोज’. अँजेलो फिर्पो या इटालियनाचे चौरंगीवरचे हे उपाहारगृह पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झाले आणि त्याच्या पावाचे नाव कलकत्त्यात घरोघरी झाले. बाई हसून म्हणाल्या, “बाबा फिर्पोचा पाव आणायचे. आत जाऊन बसले मात्र कधीच नाहीत.” पाव घरी येतो, पण आपण आत जात नाही. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मर्म मला या दोन वाक्यांत सापडले.

दाराच्या दोन्ही बाजूंची अडचण

मुंबईतही इटालियन हलवाई होतेच. त्यांतले दोघे ध्यानात ठेवण्यासारखे. एक कॉर्नालिया. दुसरे मॉन्जिनी बंधू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या दोघा भावांचा फोर्टमध्ये खानपानाचा व्यवसाय होता. केक, पेस्ट्री आणि मेजवान्यांची कंत्राटे. शहरातल्या युरोपियन लोकांत त्यांचे नाव होते.

अशा दुकानात आपला माणूस का शिरत नव्हता? साहेबाचे दुकान, महाग दर, आत बूट-टोपीचा रिवाज, हे तर खरेच. पण एवढेच सांगितले तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. दाराच्या आपल्या बाजूलाही कडी होती. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये झालेले चहापान आठवावे. गोपाळराव जोशी यांनी ते घडवून आणले, आणि हजर असलेल्यांची नावे छापून आल्यावर गावात गदारोळ उठला. टिळक होते, रानडे होते. मिशनऱ्यांच्या घरच्या चहा-बिस्किटांवरून ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांसारख्या माणसाला शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका बिस्किटाचे एवढे मोल होते. वसईकडे तर विहिरीत पाव टाकला की सगळा गाव बाटला, अशी समजूत कित्येक पिढ्या चालत आली होती.

बाहेर खाण्याची गरज मात्र वाढत होती. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. माणसे लांबचा प्रवास करू लागली. स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी वेगळी मडकी आली, साहेबांची फराळाची खोली त्याहून वेगळी. शहरांत खाणावळी निघाल्या तेव्हा पाटीवर ‘ब्राह्मणांचे उपाहारगृह’ असे लिहिण्याची रीत पडली. ही पाटी मी पुन्हा पुन्हा वाचतो. इथेही षष्ठीच आहे. पण ही षष्ठी मालकी सांगत नाही, स्वयंपाक्याची जात सांगते. आत काय शिजले आहे यापेक्षा ते कोणाच्या हातचे आहे, हे आधी. आमच्या वडिलांच्या गावचा टपरीवाला उलट्या बाजूने तेच विचारीत होता. पाटी म्हणे ‘अमक्यांचे’, टपरीवाला म्हणे ‘कोनाचा?’. व्याकरणात दोन्ही एकच.

उच्चभ्रू हिंदी माणसे पुढे या इटालियन दुकानांत जाऊ लागली, तरी धास्ती गेली नव्हती. न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी ‘रोझेस इन डिसेंबर’ या १९७३ सालच्या आत्मचरित्रात कॉर्नालियाच्या दुकानातला एक प्रसंग सांगितला आहे. निवडणुकीच्या दिवसांत ते आणि जिना तिथे जाऊन बसले. जिनांनी कॉफी, पेस्ट्री आणि डुकराच्या मांसाचे सॉसेज मागवले. तेवढ्यात एक दाढीवाले मुसलमान गृहस्थ एका लहान मुलाला घेऊन त्यांच्या टेबलाशी आले आणि बोलण्याच्या नादात त्या मुलाने सॉसेज उचलून खाल्ले. छागला गप्प राहिले. नंतर जिना त्यांच्यावर रागावले. छागलांनी हा प्रसंग विनोदाने सांगितला आहे, पण त्यातून एक गोष्ट कळते. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या पुढाऱ्यालाही, आपण कुठे काय खातो हे लोकांनी पाहू नये असे वाटत होते.

१९४० ते १९५८

१० जून १९४० रोजी इटली ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरली. एका रात्रीत हिंदुस्थानातले इटालियन नागरिक शत्रूपक्षाचे झाले. पाद्री, व्यापारी, कारागीर यांची धरपकड होऊन अनेकांची रवानगी डेहराडूनसारख्या छावण्यांत झाली. पुढे उत्तर आफ्रिकेत पकडलेले हजारो इटालियन सैनिक युद्धकैदी म्हणून इथे आले. ज्या नावावर साहेबाचा विश्वास होता, ते नाव आता पोलिसांच्या यादीतले नाव झाले. १९४७ साली साहेबही गेला. युरोपियन गिऱ्हाइकावर चालणाऱ्या धंद्याचा पाया असा दोन टप्प्यांत निसटला.

या दरम्यान आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते खाण्याच्या इतिहासात ती कोणत्याही पाककृतीपेक्षा मोठी आहे. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झाले. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही तिथे जाण्यास मज्जाव करता येणार नाही. त्याच अनुच्छेदात विहिरी आहेत, तलाव आहेत, घाट आहेत. देशाचा मूलभूत कायदा लिहिताना चहाच्या दुकानाचा विचार करावा लागला, यावरून वळचणीच्या कपाचे वजन कळावे. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा आला. कागदावर दार उघडले. प्रत्यक्षात ते उघडायला काय लागते, हा पुढचा प्रश्न होता.

१९५८ साली मॉन्जिनींचा व्यवसाय खोराकीवाला कुटुंबाकडे आला. हे दाऊदी बोहरा कुटुंब मुंबईत ‘अकबरअलीज’ या भांडारामुळे ओळखले जात होते. १८९७ साली फोर्टमध्ये सुरू झालेले हे दुकान म्हणजे एका छपराखाली सगळे काही मिळण्याची मुंबईतली जुनी सोय. ‘अकबरअलीज’मध्येही तोच ‘ज’ आहे हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच, आणि आडनावात तर सरळ ‘खोराक’ आहे.

नव्या मालकांनी दुकान घेतले आणि नाव तसेच ठेवले. हा धंद्यातला साधा हिशेब होता. केक ही वस्तू आपल्याकडे परकी. ती परक्या नावाने विकली तरच अस्सल वाटणार. पण त्यामुळे असे झाले की, मालकी सांगणारी षष्ठी राहिली आणि मालक बदलले. चिन्हही पाटीवरून गेले. ‘मॉन्जिनीचे’ याचे ‘मॉन्जिनीज’ हे एक स्वतंत्र नाव झाले, ज्याचा अर्थ कोणी विचारीत नाही.

केक प्रवास करीत नाही

१९६०च्या दशकात या दुकानाची रीतसर कंपनी झाली. १९७१ साली कंपनीने जो निर्णय घेतला, त्यामुळे ती इतर नामांकित बेकऱ्यांपासून वेगळी झाली. सगळा माल मुंबईत करून बाहेर पाठवायचा नाही. ज्या गावात विकायचा त्याच गावात तो तयार करायचा, आणि त्यासाठी तिथल्याच माणसाला भागीदार करायचे. आज आपण याला ‘फ्रँचायझी’ म्हणतो.

या निर्णयामागचे कारण हिशेबनीस म्हणून मला फार आवडते. शेव किंवा चिवडा पिशवीत भरून कुठेही धाडता येतो. क्रीमचा केक प्रवास करीत नाही. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तिथे मुंबईचा केक गाडीने आणला तर स्टेशनवरच त्याचे सरबत होईल. म्हणून गावात एक भट्टीघर, तिथून रोज पहाटे गावभरच्या लहान दुकानांना माल. या दुकानांत बहुधा भट्टी नसते. असते ती एक काचेची थंड पेटी, पफ गरम करायची सोय आणि केकवर नाव लिहून देणारा एक माणूस. भांडवल थोडे, जागा थोडी, म्हणून दुकान गल्लीबोळात निघू शकते. ज्या धंद्याची सुरुवात फोर्टमधल्या साहेबांच्या मेजवान्यांत झाली, तो असा मोहल्ल्यात आला. पुढे ही साखळी भारताबाहेर इजिप्तपर्यंत गेली.

मोहल्ल्यात आल्यावर त्याला मोहल्ल्याचे नियम लागले. अंडे आले. ज्या घरात अंडे चालत नाही त्या घरात केक जायचा तर बिनअंड्याचा केक हवा. बिनअंड्याचा केक हा पाकशास्त्राच्या दृष्टीने सोपा पदार्थ नाही. अंडे केकला उचलून धरते, बांधून ठेवते. ते काढले की दुसरे काहीतरी त्या जागी लागते. कुठे दही आणि सोडा, कुठे आटवलेले गोड दूध. आपल्या बेकऱ्यांनी हे प्रश्न सोडवले आणि हिरव्या ठिपक्याचा केक काचेच्या पेटीत आला. धंतोलीत दवाखाने इतके आहेत की आमच्या भागात बाळंतिणीला घरी नेतानाही लोक केक कापतात. पेढे असतातच, पण केकही असतो. पंचहौदच्या एका बिस्किटावरून ग्रामण्य झाले त्याला तेव्हा सव्वाशेच्या वर वर्षे झालेली असतात, आणि कोणाला त्याची आठवणही नसते.

दोन इटल्या

आता दुसऱ्या खोक्याकडे वळतो. पिझ्झा आपल्याकडे पेलिटी आणि मॉन्जिनीच्या वाटेने आला नाही. तो अमेरिकेच्या वाटेने आला. इथे दोन वेगळ्या इटल्या आहेत, हे मला फार उशिरा कळले.

हिंदुस्थानात आलेला इटालियन हा राज्यकर्त्यांचा हलवाई होता. उत्तरेकडचा, कसबी, साहेबाच्या टेबलाची शोभा वाढवणारा. अमेरिकेत गेलेला इटालियन बहुतांशी दक्षिणेकडचा, गरीब, मजूर. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत चाळीस लाखांहून अधिक इटालियन तिकडे गेले. नेपल्सच्या गल्लीतला पिझ्झा त्यांच्याबरोबर गेला, कारण तो गरिबाचा पोटभरीचा पदार्थ होता. एकाच देशातून एक पदार्थ राजवाड्याच्या दाराने निघाला, दुसरा जहाजाच्या तळघरातून.

पण त्या गरिबाच्या पदार्थाची साखळी ज्यांनी केली ते इटालियन नव्हते. १९५८ साली, म्हणजे मॉन्जिनीजची मालकी बदलली त्याच साली, अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी डॅन आणि फ्रँक कार्नी या कॉलेजात जाणाऱ्या भावांनी आईकडून सहाशे डॉलर उसने घेऊन ‘पिझ्झा हट’ काढले. १९६० साली मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी टॉम आणि जेम्स मोनाहन या भावांनी ‘डॉमिनिक्स’ नावाचे लहान दुकान विकत घेतले. ते डॉमिनिक डिव्हार्टी या माणसाचे होते. थोड्याच महिन्यांत जेम्सने आपला अर्धा वाटा एका जुन्या फोक्सवॅगन गाडीच्या बदल्यात भावाला देऊन टाकला. टॉमने दुकाने वाढवली, तेव्हा डिव्हार्टीने आपले नाव वापरायला हरकत घेतली. म्हणून १९६५ साली ‘डॉमिनिक्स’चे ‘डॉमिनोज’ झाले. नाव गेले, पण त्याची सावली आणि शेवटचा ‘ज’ राहिला.

फोर्टमध्ये मॉन्जिनीचे नाव ठेवून मालक बदलला. इप्सिलांटीत डॉमिनिकने नाव परत मागितले, तर नाव थोडे वाकवून घेतले. दोन्हीकडे पाटीवरचा मालक दुकानात नाही. १९९६ साली डॉमिनोज आणि पिझ्झा हट हे दोघेही भारतात आले, पहिला दिल्लीत, दुसरा बंगळूरमध्ये. २०१५ साली डॉमिनोज प्रत्यक्ष इटलीतही गेले आणि २०२२ साली दुकाने बंद करून परतले. इटालियन माणसाला इटालियन पाटीची गरज नव्हती.

आपल्याला मात्र होती, आणि आपण ती आपल्या पद्धतीने वाकवली. पिझ्झा हटने अहमदाबादेत पूर्ण शाकाहारी शाखा काढली. ‘लिटल इटली’ ही इटालियन पदार्थांची भारतीय साखळी तर मुळातच शाकाहारी आहे. पनीर, सिमला मिरची, कांदा यांचा पिझ्झा आता आपल्या पोरांना पोहे-जिलबीइतका ओळखीचा आहे. आणि नागपुरात हे कोणाला वेगळे सांगायला नको. १९७०च्या आसपास बिकानेरच्या अग्रवाल कुटुंबाची एक पाती इथे आली. गंगाबिशन अग्रवाल यांचे घरगुती नाव हल्दीराम, आणि त्याच नावाने धंदा वाढला. संत्रा बर्फी घ्यायला त्यांच्या दुकानात जावे तर शेजारच्या टेबलावर पिझ्झा चाललेला असतो. इंग्रजी पाटीवर तिथेही नावाच्या शेवटी ‘एस’ आहेच. साहेबाच्या षष्ठीत आता राजस्थानी नाव, नागपूरचे दुकान आणि नेपल्सचा पदार्थ, सगळे मावले.

काय आले आणि काय राहिले

इतके वाचून झाल्यावर मी स्वतःला विचारले की, या साखळ्यांनी आपल्याकडे नेमके काय आणले? इटलीची चव आणली, असे मी म्हणणार नाही. पेलिटीची पेस्ट्री आणि आमच्या गल्लीतला बिनअंड्याचा पायनापल केक यांत नाते शोधणे अवघड आहे. नेपल्सचा माणूस आपला पनीर पिझ्झा पाहून काय म्हणेल, हेही सांगायला नको.

त्यांनी आणली ती एक रीत. काउंटर, छापलेला दर, रांग, पावती. रांगेत जो पुढे तो आधी. दर सगळ्यांना एक. भांडे तर नाहीच, खोके आहे, ते फेकून द्यायचे, त्यामुळे कोणाचे कोणी धुवायचे हा प्रश्न उरत नाही. ही रीत समतेसाठी शोधलेली नाही. ती वेगासाठी आणि नफ्यासाठी शोधलेली आहे. माणसामागे वेळ कमी लागावा म्हणून काउंटरवरचा मुलगा फक्त पहिले नाव विचारतो. आडनाव विचारण्यात त्याचे पाच सेकंद जातात आणि त्याचा त्याला उपयोग नसतो.

याचा अर्थ सगळे झाले, असे नाही. दार उघडले तरी स्वयंपाकघरात ओट्याचे दोन भाग आहेत, सुरीला वेगळा रंग आहे, नवरात्रात काही ठिकाणी अख्खा कागदच हिरवा होतो. कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, माझी त्याला हरकत नाही. पण ‘शुद्ध’ हा शब्द पाटीवर दिसला की मला जुनी ‘ब्राह्मणांचे’ पाटी आठवते, आणि मी दोनदा वाचतो. त्यातच, खोके घेऊन दुचाकीवर धावणारा मुलगा कोणाचा, कुठल्या गावचा, हे आपणही विचारत नाही. ते मात्र समतेमुळे नव्हे.

तरीही वडिलांचे ते वाक्य मला पुसता येत नाही. संविधानाने १९५० साली जे सांगितले, ते त्यांच्या गावच्या टपरीपर्यंत पोहोचले नव्हते. त्यासाठी त्यांना गाव सोडावे लागले, धर्म बदलावा लागला, रेल्वेत तीस-बत्तीस वर्षे घाम गाळावा लागला. आणि एवढे सगळे केल्यावर, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, धंतोलीतल्या एका दुकानात अजूनही ते पुढच्या प्रश्नाची वाट पाहत थांबले होते. प्रश्न आला नाही. तो का आला नाही याचे कारण अगदी व्यापारी आहे, हे मला कळते. मी हिशेब लिहिणारा माणूस आहे, नफ्याच्या रकान्यात काय जाते ते मला ठाऊक आहे. पण थांबलेल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर कारणापेक्षा तो न आलेला प्रश्न मोठा आहे.

हा लेख लिहून झाल्यावर मी वडिलांना वाचून दाखवला. पेलिटी, मॉन्जिनी, डॉमिनिक, सगळे त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, “म्हणजे ज्याचं नाव हाय तो दुकानात नाही, आन् जो दुकानात हाय त्याचं नाव नाही.”

मी म्हणालो, “हो बाबा.”

“आन् केकवर?”

केकवर मुलीचे नाव होते. पांढऱ्या क्रीमवर तांबड्या अक्षरांत, फक्त पहिले.